स्वीडनमध्ये बाहेर जेवायचं: काय, कुठे आणि मुख्य म्हणजे कधी

रानपाखरू

नमस्कार मंडळी. स्वीडनला जाण्याबद्दल विचारणारे इथे बरेच येतात आणि खाण्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं, ब्रेड आणि बटाटे खातात ते, चव काही नाही, जाताना थेपले घेऊन जा. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही स्टॉकहोमला राहून आलोय, सुट्टी मिळेल तसं बाकीच्या भागात फिरलोय, आणि जिथे गेलो तिथलं मनापासून खाल्लंय. त्यावरून माझं ठाम मत झालंय की स्वीडिश जेवण आवडणार की नाही हे तुम्ही ते कधी खाता यावर फार अवलंबून आहे. तिथे वाराचे पदार्थ आहेत, महिन्याचे आहेत, सणाचे आहेत, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण याचा हिशोब वेगळा आहे. हे काहीच न बघता दिवसभर पायपीट करून रात्री आठला गामला स्तानमध्ये (स्टॉकहोमचं जुनं शहर) जे पहिलं हॉटेल दिसेल त्यात शिरलं की महागडी, गार झालेली प्लेट मिळते आणि मग माणूस परत येऊन लिहितो की चव नसते.

सुरुवात दुपारपासून करा. सोमवार ते शुक्रवार साधारण ११ ते २ या वेळात बहुतेक रेस्टॉरंटात 'दागेन्स लुन्श' असतं. दाराबाहेर पाटी असते, त्यावर आजचा मांसाचा एक पदार्थ, माशाचा एक आणि शाकाहारी एक. स्टॉकहोमला १३० ते १६० क्रोनरच्या आसपास पडतं (क्रोनर म्हणजे तिथलं चलन, आजचा दर बघून घ्या) आणि त्यात सॅलड, ब्रेड, बटर, पाणी किंवा एखादं सरबत आणि शेवटी कॉफी सगळं आलं. तोच पदार्थ रात्री मागवला तर नुसत्या प्लेटचे २०० च्या वर जातात. आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुपारी तिथली माणसं स्वतः जेवायला आलेली असतात, ऑफिसवाले, रस्त्याचं काम करणारे नारिंगी जाकीटवाले, रिटायर झालेली जोडपी, सगळे एकाच रांगेत ट्रे घेऊन उभे, त्यामुळे स्वयंपाकी रोजच्या गिऱ्हाइकासाठी रांधत असतो, चार दिवसांच्या पाहुण्यासाठी नाही. फक्त ११:४५ च्या आत पोचा, १२ नंतर जागा मिळायची मारामार असते.

या जेवणाला ते हुस्मान्सकोस्ट म्हणतात, घरगुती रोजचं जेवण. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे श्यॉटबुल्लार, मीटबॉल्स. आपल्याकडे तुर्भ्याला आयकिया आल्यापासून (२०२०) बऱ्याच जणांनी चिकनचे किंवा व्हेजचे खाल्ले असतील, पण तिकडचे बीफ आणि पोर्क एकत्र केलेल्या खिम्याचे असतात, त्यामुळे जे यातलं काही खात नाहीत त्यांनी आधी विचारायलाच हवं. सोबत कुस्करलेला बटाटा, क्रीमचा तपकिरी रस्सा, काकडीचं आंबटगोड लोणचं आणि लिंगॉन. लिंगॉन म्हणजे जंगलातली छोटी लाल आंबट-तुरट फळं, साखरेत नुसती ढवळून ठेवलेली, शिजवलेली नाहीत. आता मुद्दा असा की हे सगळं एकाच घासात घ्यायचं असतं. मीटबॉल आधी, बटाटा मग आणि जॅम शेवटी गोड म्हणून असं खाल्लं तर ते अर्धंच जेवण झालं. तुकडा मोडायचा, बटाट्यात आणि रश्शात बुडवायचा, काट्याच्या टोकाला चार लिंगॉन आणि काकडी. मग कळतं की तूपकट, आंबट, गोड, खारट सगळं मोजून मांडलेलं आहे.

या मीटबॉल्सची एक गोष्ट पण आहे. राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये पोल्ताव्हाला रशियाकडून हरला आणि मग काही वर्षं ऑटोमन, म्हणजे तुर्की मुलखात अडकून पडला होता. २०१८ मध्ये स्वीडनच्या सरकारी ट्विटर अकाउंटवरून चक्क जाहीर केलं की आमचे मीटबॉल त्या राजाने तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवरचे आहेत, आणि जगभर चर्चा झाली. मीटबॉलबद्दल वाद घालणारे आहेत, पण कोलदोल्मार (कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणि भात) तर सरळसरळ तुर्कस्तानातल्या डोलम्याचं (द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं सारण) थंड हवेतलं रूप आहे, स्वीडनमध्ये द्राक्षाची पानं कुठून मिळणार म्हणून कोबी. ३० नोव्हेंबरला, म्हणजे त्या राजाच्या मृत्यूच्या दिवशी, कोलदोल्मारचा दिवस साजरा करतात. 

आणि गुरुवार. गुरुवारी दुपारी तुम्ही स्वीडनमध्ये असाल तर दुसरं काही खाऊ नका, पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि नंतर पॅनकेक. एर्तसोप्पा. अख्खा पिवळा वाटाणा रात्रभर भिजवून पोर्कच्या तुकड्याबरोबर शिजवतात, त्यात मार्जोरम किंवा थाइम, आणि ताटाच्या कडेला मोहरीचा ठेचा देतात तो सुपात घालत घालत खायचं. मग पातळ पॅनकेक, जॅम आणि फेटलेली साय. शुक्रवारच्या उपासाआधी पोटभर खाऊन घ्यायचं म्हणून कॅथलिक काळापासून गुरुवार ठरला असं सांगतात, आता उपास गेला पण गुरुवार राहिला, शाळेत, हॉस्पिटलात, लष्करातसुद्धा गुरुवारी हेच. कैदेत असलेला राजा चौदावा एरिक १५७७ मध्ये वारला तो याच सुपातून विष दिल्यामुळे असं म्हणतात, आणि १९५८ मध्ये त्याची कबर उघडून तपासलं तेव्हा खरंच आर्सेनिक सापडलं. 

थोडी कामाची माहिती: नळाचं पाणी फुकट आणि उत्तम, बाटली मागवू नका. टिप सक्तीची नाही. रोकड बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, कार्ड लागतं. जुलैमध्ये दुपारच्या जेवणाची कितीतरी चांगली ठिकाणं सुट्टीसाठी बंद असतात, जूनमधल्या मिडसमर सणाच्या शुक्रवारी तर शहर ओस पडतं. तुमचे अनुभव लिहा, ज्यांना जायचंय त्यांनी प्रश्न विचारा.


तिखटजाळ

छान लिहिलंय ताई पण मी सहमत नाही. मी कंपनीच्या कामासाठी गेलो होतो, रोज लुन्शच खाल्लं, वेळेवर खाल्लं, कॅन्टीनपण चांगलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी तोंडाला चव राहिली नाही. नागपूरच्या माणसाला मिरची नाही, लसूण नाही, फोडणी नाही, मग राहिलं काय? ब्रेडसुद्धा गोड. हा ब्रेड गोड का असतो हे मला अजून कळलं नाही.


रानपाखरू

@तिखटजाळ दादा, तुमचा आक्षेप मी समजू शकते, मिरची नाहीच. पण मसाला नाही असं नाही. शेपू घ्या. आपल्याकडे शेपूची भाजी म्हटलं की निम्मी पंगत नाक मुरडते, तिकडे शेपूवाचून पान हलत नाही. नवे बटाटे उकडतात ते शेपूच्या काड्या घालून, मीठ-साखर-शेपूत मुरवलेला सामन मासा (ग्रावलाक्स) मोहरीच्या गोडसर सॉसबरोबर देतात, ऑगस्टमध्ये गोड्या पाण्यातले क्रेफिश शिजवतात ते फुलं आलेल्या जून शेपूच्या पाण्यात आणि त्यातच गार होऊ देतात. दुसरं, मीटबॉलमध्ये ऑलस्पाइस आणि पांढरी मिरी असते. तिसरं हॉर्सरॅडिश, पेप्पररूत. उकडलेल्या माशावर किंवा मांसावर ताजं किसून देतात, त्याने टाळूपासून कपाळापर्यंत झिणझिण्या येतात, तुम्हाला ते नक्की आवडेल, पुढच्या वेळी मेन्यूत शोधा. आणि मोहरी मागून घ्या, लाजू नका. 

ब्रेडचं म्हणाल तर पावात सिरप घालायची तिथे जुनी सवय आहे, सगळे गोड नसतात. क्नेकेब्रॉड, म्हणजे तो राय धान्याचा कडक कुरकुरीत ब्रेड, तो घ्या, टेबलावर असतोच. त्यावर जाड बटर आणि वेस्टरबोट्टेन चीज.


शेवग्याची_शेंग

मला एक मदत हवी आहे. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन स्टॉकहोम आणि गोथेनबर्ग असं ठरतंय. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडं केकमधलं चालतं पण वेगळं नाही. बाबा म्हणतात की आपण इंडियन रेस्टॉरंट शोधू, मला वाटतं की एवढ्या लांब जाऊन तिथलं काहीच न खाता येणं बरोबर नाही. काय खाता येईल? रस्त्यावर उभं राहून कळेल असं सांगा.


लुंडवासी

@शेवग्याची_शेंग, मी दक्षिणेला स्कोनेमध्ये बरीच वर्षं राहतो आणि माझी आई दोनदा येऊन गेली, ती कांदालसूण खाते पण अंडंसुद्धा नाही, त्यामुळे हे सगळं आम्ही तपासून ठेवलंय. 

पहिलं म्हणजे घाबरू नका. शाकाहारी जेवण मिळणं स्वीडनमध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा सोपं आहे, लुन्शच्या पाटीवर 'वेगेतारिस्क' लिहिलेला एक पदार्थ असतोच. अडचण अशी की तो पदार्थ पुष्कळदा पास्ता, डाळीचं पॅटीस किंवा फलाफल असतो, म्हणजे पोट भरतं पण स्वीडिश खाल्ल्यासारखं वाटत नाही. तर स्वीडिश आणि शाकाहारी असं मागायचं असेल तर:

राग्मुंक. किसलेल्या बटाट्याचे पातळ कुरकुरीत डोसे, सोबत लिंगॉन. मूळ पदार्थात पोर्कच्या तळलेल्या पट्ट्या असतात, "उतान फ्लेस्क" म्हणा, म्हणजे पोर्कशिवाय, आणि वेगळ्या पॅनवर भाजाल का तेही विचारा, कारण त्याच चरबीत भाजायची पद्धत आहे. त्यात अंडं असतं, तुमच्या आईबाबांना केकमधलं चालतं म्हणताय तर हेही बहुतेक चालेल, माझ्या आईला चालत नव्हतं. पित्त इ पान्ना हा दुसरा, बटाट्याचे बारीक चौकोनी तुकडे आणि कांदा परतून, व्हेज पण करतात, वर तळलेलं अंडं असतं ते नको म्हणून सांगायचं, सोबत बीटचं लोणचं. मशरूम घातलेला टोस्ट, विशेषतः पिवळ्या कांतारेल मशरूमचा, पण तो खरा ऑगस्ट-सप्टेंबरचा, जूनमध्ये मिळाला तर साठवलेला असेल. जूनमध्ये त्यापेक्षा नवे बटाटे, बटर, शेपू आणि ग्रेडफील (आंबवलेलं क्रीम) एवढंच मागा, हे सगळीकडे असतं आणि इतकं चांगलं लागतं की माझी आई तेच दोन वेळा खायची. शिवाय जूनमध्ये स्ट्रॉबेरी. स्वीडिश स्ट्रॉबेरी रस्त्यावरच्या टपरीत डब्यातून विकतात, महाग असते, तरी घ्या. उन्हाळ्यात रात्र जवळजवळ होतच नाही, त्या लांब उजेडात ती हळूहळू पिकते आणि गोडी फार चांगली असते.

आता जिथे फसायला होतं ते. वाटाण्याच्या सुपात पोर्क असतं, व्हेज बनवतात पण विचारल्याशिवाय घेऊ नका. 'यान्सन्स फ्रेस्तेल्से' हा बटाटा आणि क्रीमचा भाजलेला पदार्थ दिसायला अगदी निरुपद्रवी, त्यात मुरवलेले छोटे मासे असतात. साध्या भाज्यांच्या सुपातही चिकनचं पाणी असू शकतं, "बुल्योंग" कशाचा ते विचारा. हिरव्या मार्झिपानचा तो घुमटासारखा केक, प्रिन्सेसतोर्ता, त्याच्या क्रीममध्ये जिलेटिन असतं पुष्कळदा. मऊ गोळ्या-चॉकलेटांतही जिलेटिन. आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असू शकतं, हे किती मानायचं ते तुमच्या घरावर. 

एक घरगुती टीप, सुपरमार्केटमध्ये फीलम्यॉल्क मिळतं, आंबवलेलं पातळसर दूध. आम्ही वर्षानुवर्षं त्याचीच कढी करतो. अपार्टमेंट घेतलं असेल तर भात-कढी सुटेल, बाबा खूश.


शेवग्याची_शेंग

मनापासून धन्यवाद!! हे सगळं प्रिंट काढून बाबांना देते. कॉफीच्या वेळचं काय? फिका, म्हणजे कॉफी आणि सोबत काही गोड, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.


गोडघाशी

फिकाबद्दल मी लिहिते, कारण मला तिथलं सगळ्यात जास्त तेच आवडलं. बहुतेक सगळे दालचिनीचा बन (कानेलबुल्ले) खाऊन येतात, ४ ऑक्टोबरला त्याचा दिवससुद्धा असतो १९९९ पासून, गोथेनबर्गच्या हागा भागात तर जेवणाच्या ताटाएवढे मोठे मिळतात. पण मला विचाराल तर कार्देमुम्माबुल्ले घ्या. वेलचीचा. आपण वेलची कुटून वस्त्रगाळ पूड करतो आणि चिमूटभर घालतो, ते जाडीभरडी कुटून मूठभर घालतात, दातांखाली दाणे येतात, बटर आणि साखरेबरोबर ते दाणे वरून पण असतात. मी पहिला खाल्ला तेव्हा ओव्हनमधून नुकताच निघाला होता आणि अख्ख्या बेकरीत दिवाळीचा वास होता. अंड्याबद्दल, बनच्या पिठात सहसा अंडं नसतं पण वरून ब्रशने फिरवलेलं असतं, तर ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी विचारावं. 

कॉफी साधी फिल्टरची घेतली तर बऱ्याच ठिकाणी दुसरा कप फुकट असतो.

फेब्रुवारीत गेलात तर सेमला. वेलचीच्या बनचं डोकं कापायचं, आत बदामाची पेस्ट, वर फेटलेली साय, आणि डोकं परत ठेवायचं. ही लेंटच्या (ईस्टरआधीच्या) उपासाआधीच्या मंगळवारची, पण आता नाताळ संपला की दुकानात येते आणि ईस्टरपर्यंत असते. काही जुन्या कन्दितोरीत म्हणजे बसून खायच्या बेकरीत गरम दुधात ठेवून पण देतात, हेतवेग म्हणतात त्याला. राजा अडोल्फ फ्रेडरिक १७७१ मध्ये लॉबस्टर, कॅव्हियार, शॅम्पेन असलं भरगच्च जेवून वर १४ हेतवेग खाऊन मेला असं तिथे सगळे सांगतात. २५ मार्चला वाफल्सचा दिवस. कुठल्याही महिन्यात जा, त्या महिन्याचं गोड आहेच.


कोकणकडा

सगळे बटाटे आणि बन! मासे खाणाऱ्यांसाठी कोणीतरी लिहा की. आम्ही मालवणचे, बायको म्हणते मला थंड मासा कोणी दिला तर मी उठून जाईन. हेरिंग म्हणे कच्चंच देतात?


रानपाखरू

@कोकणकडा दादा, वहिनींना आधी स्लुस्सेनला न्या. स्टॉकहोमच्या मधोमध मेट्रो स्टेशनच्या बाहेर तळलेल्या स्ट्रॉमिंगची गाडी आहे, स्ट्रॉमिंग म्हणजे बाल्टिक समुद्रातलं छोटं हेरिंग. राय धान्याच्या पिठात घोळवून बटरवर तळतात, क्नेकेब्रॉडवर ठेवून वर कांदा, काकडी, शेपू. उभ्यानेच खायचं. गरम आणि कुरकुरीत, काटा टोचत नाही. तिथून सुरुवात झाली की मग थंडकडे वळा.

सील, म्हणजे मुरवलेलं हेरिंग, ते कच्चं नसतं, आधी मिठात आणि मग व्हिनेगर, साखर, कांदा, ऑलस्पाइस यात मुरलेलं असतं. मोहरीचं, कांद्याचं, शेपूचं असे प्रकार एका प्लेटमध्ये देतात, सोबत उकडलेला गरम बटाटा, आंबट क्रीम, चाइव्हज आणि चीजचा तुकडा. मोहरीच्या सीलपासून सुरुवात करा, आपल्या जिभेला ते जवळचं पडतं. थंड मासा गरम बटाट्याबरोबर हीच तर गंमत आहे, नुसता खायचा नाही. 

बसून नीट जेवायचं तर स्टॉकहोममध्ये पेलिकान आहे सोडरमाल्मला, जुना उंच छताचा बिअर हॉल, तिथे हुस्मान्सकोस्ट फार छान आणि गजबज असते. जुन्या शहरात 'देन ग्युल्देने फ्रेदेन', १७२२ पासून चालू आहे, आन्डर्स झोर्न या चित्रकाराने ते विकत घेऊन वाचवलं आणि स्वीडिश अकादमीला देऊन टाकलं. साहित्याचं नोबेल ठरवणारी तीच अकादमी, त्यांचे सभासद आजही गुरुवारी तिथे जेवायला जमतात. महाग आहे, पण दुपारी बरंच आवाक्यात येतं. ओस्टरमाल्मचा १८८८ चा विटांचा बाजारही बघा, मासळी अशी मांडलेली असते की वहिनी हलणार नाहीत.


लुंडवासी

माशांसाठी स्टॉकहोमपेक्षा पश्चिम किनारा, यात मात्र मी धागाकर्तीशी थोडा भांडेन. बाल्टिकचं पाणी फार कमी खारट, त्यामुळे तिकडचा मासा वेगळा. गोथेनबर्गच्या वर बोहुसलेनला खरा खारा समुद्र आहे, तिथली कोळंबी होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात आणि किनाऱ्यावर आली की तशीच खायची. सालासकट किलोवर घ्या, ब्रेड, मेयोनीज, लिंबू, शेपू घ्या आणि धक्क्यावर बसून सोलत बसा. हे रेस्टॉरंटपेक्षा स्वस्त आणि त्याहून चांगलं. गोथेनबर्गमध्येच राहणार असाल तर फेस्केशर्का, चर्चसारखी दिसणारी १८७४ ची मासळीबाजाराची इमारत, दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होती, २०२४ मध्ये परत उघडली. तिथे कोळंबीचं सँडविच घ्या, एका पावावर एवढी रास असते की दोघांना पुरतं.


तिखटजाळ

आणि तो वास मारणारा डबा? त्याशिवाय हा धागा पुरा कसा होणार.


उत्तरायण

@तिखटजाळ, सुरस्ट्रॉमिंगबद्दल मी लिहितो कारण मी उत्तरेला उमेओला शिकत होतो आणि ते लोक ज्या प्रेमाने ते खातात ते मी जवळून बघितलंय. यूट्यूबवर बंद खोलीत डबा फोडून तोंड वाकडं करणारे व्हिडिओ बघून मत बनवू नका, तसं तिथे कोणी खात नाही. हेरिंग वसंतात पकडतात, कुजू नये एवढंच मीठ घालतात, त्यामुळे ते कुजत नाही पण आंबतं, आणि डबा बंद केल्यावरही आंबणं चालू राहतं म्हणून तो फुगतो. हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी सुरू होतो. डबा बाहेर, अंगणात, बरेच जण पाण्याच्या बादलीत बुडवून उघडतात. मग मासा साफ करून तुन्नब्रॉडवर (पातळ भाकरीसारखा ब्रेड) बटर, त्यावर उकडलेला मांडेल जातीचा लांबट बटाटा, कच्चा कांदा, आंबट क्रीम आणि मग माशाचा छोटासा तुकडा, आणि गुंडाळी. अशी खाल्ली तर वास मागे पडतो, खारट-आंबट खोल चव राहते. ज्यांना सुकट, जवळा, बोंबील आवडतो त्यांना हे अजिबात अशक्य नाही. फक्त रेस्टॉरंटात शोधू नका, होगा कुस्तेन भागात कोणाच्या घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. डबा विमानातून आणायच्या भानगडीत मात्र पडू नका, काही एअरलाइन्स घेत नाहीत.

पण उत्तरेचं जेवण म्हणजे तेवढंच नाही हे मला कळकळीने सांगायचंय. तिथे सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचं जेवण आहे. रेनडिअर पाळायचा हक्क स्वीडनमध्ये सामींचाच आहे, आणि त्याचं मांस, सुओवास (खारवून धुरावर धरलेलं, मग पातळ काप करून परतलेलं) हे तुम्ही फेब्रुवारीत योकमोकच्या जत्रेत खा. ही जत्रा १६०५ पासून भरते, उणे तीस तापमानातसुद्धा. कॉफीत चीजचे तुकडे टाकून देतात, काफेऊस्त, चीज विरघळत नाही, कॉफी शोषून मऊ होतं, ते चमच्याने खायचं. ऑगस्टमध्ये दलदलीत पिकणारी नारिंगी फळं, योर्त्रोन, गरम करून व्हॅनिला आइस्क्रीमवर. कालिक्सची लाल-केशरी माशांची अंडी, लोयरोम, टोस्टवर कांदा आणि आंबट क्रीमबरोबर, ही महाग पण एकदा चमचाभर का होईना घ्या. आणि पितेओला पाल्त, कच्च्या किसलेल्या बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे, आत पोर्क, वर बटर आणि लिंगॉन. ते खाऊन दुपारी झोप येतेच, तिथले लोकच त्याला पाल्तकोमा म्हणतात. 

जंगलात फिरलात तर ब्लूबेरी, लिंगॉन, मशरूम कोणीही तोडू शकतं, जमीन कोणाचीही असली तरी, घराच्या आवारात मात्र शिरायचं नाही. मशरूम ओळखीचा माणूस सोबत असल्याशिवाय तोडू नका.


पहिली_लोकल

आम्ही डिसेंबरमध्ये जातोय, मुलगा ९ वर्षांचा. सगळे म्हणतात की अंधार असतो, काही नसतं. जेवणाच्या बाबतीत चुकीचा महिना निवडला का?


रानपाखरू

@पहिली_लोकल, उलट डिसेंबर हा खाण्याचा महिना! यूलबूर्ड, नाताळचं मोठं जेवण, नोव्हेंबरच्या शेवटापासून जवळपास सगळ्या मोठ्या रेस्टॉरंटात लागतं. बुकिंग आधी करा, शुक्रवार-शनिवार भरलेले असतात, दुपारचं स्वस्त पडतं आणि मुलांना बहुतेक ठिकाणी वयाप्रमाणे कमी दर असतो. 

खायची पद्धत पाळा म्हणजे पैसे वसूल होतील. सगळं एका ताटात घ्यायचं नाही. पहिल्या फेरीत फक्त सील, बटाटा, अंडी. मग नवी प्लेट घेऊन सामन आणि बाकी मासे. मग थंड मांस, नाताळचा हॅम मोहरीबरोबर. मग गरम, त्यात मीटबॉल, छोटे सॉसेज, यान्सन्स फ्रेस्तेल्से. मग गोड. दर फेरीला थोडं थोडं, दोन-अडीच तास निवांत. तुमचा मुलगा मीटबॉल आणि सॉसेजवर खूश राहील, आणि तांदळाची खीर फेटलेल्या सायीत घालून देतात ती पण आवडेल त्याला.

१३ डिसेंबरला लुसियाचा सण असतो, पहाटे मुली पांढरे झगे घालून, पुढची लुसिया डोक्यावर मेणबत्त्या घेऊन, गात येतात आणि केशराचे बन, लुस्सेकात्तर, मध्ये बेदाणे लावलेले. खरं केशर घालतात, भरपूर. ताजे असतानाच खा, दुसऱ्या दिवशी कोरडे होतात.


गोडघाशी

केशराचा विषय निघाला म्हणून लिहिते, गॉटलंड बेटाचा साफ्रान्सपानकाका कोणीच लिहिला नाही! नाव पॅनकेक पण भातापासून करतात. जाडा भात दुधात शिजवून, त्यात साय, अंडी, साखर, बदाम आणि केशर घालून ओव्हनमध्ये भाजतात, चौकोनी वड्या कापून कोमट देतात, वर साय आणि साल्मबेर नावाच्या काळसर फळाचा जॅम. मी विस्बीच्या तटबंदीच्या आत एका छोट्या कॅफेत खाल्ला, मालकीणबाईंनी विचारलं आवडलं का, मी म्हटलं आमच्याकडे लग्नकार्यात केशरी भात असतो, तर त्यांनी तो कसा करतात ते सगळं बसून विचारून घेतलं. तूप म्हणजे काय ते सांगायला मला जरा वेळ लागला.

आणि स्मोलंडचा ऊस्टकाका. दूध रेनेटने फाडून, त्यात अंडी, बदाम घालून भाजतात, कोमट, चेरीचा जॅम आणि सायीबरोबर. पोत थेट खरवसाचा. ज्यांच्या घरी खरवस म्हटलं की भांडणं होतात त्यांनी हा चुकवू नये.


पहिली_लोकल

वा, गॉटलंड डिसेंबरमध्ये जमेल का? बोटीने जायचं असतं ना?


लुंडवासी

बोट नीनेसहाम्नहून, स्टॉकहोमहून लोकल ट्रेनने तासाभरात तिथे, पुढे विस्बीपर्यंत सव्वातीन तास वगैरे. हिवाळ्यात फेऱ्या कमी आणि वारा असला तर बोट हलते, मुलाला गाडी लागत असेल तर विमान बघा. विस्बीतले बरेच कॅफे उन्हाळ्यापुरतेच असतात, जाण्याआधी कोणता उघडा आहे ते फोन करून विचारा, इंग्लिश सगळे बोलतात. लुसियाच्या आठवड्यात गेलात तर बन पण तिथेच मिळतील. आणि वार बघून जा, गुरुवार असेल तर परतीच्या दिवशी स्टॉकहोमला २ च्या आत पोचा, सूप संपतं.